ज्यांच्यावर शिक्का नाही

हेल्मीच्या घरातल्या टीव्हीला कुलूप लावायला मीच सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गार्थवर कोणी तोंड सोडायला नको. त्याच्यावर तोंड सोडायचा हक्क माझा होता आणि तो मी नऊ वर्षं मनसोक्त वापरला.

गार्थ माझा मेहुणा. माझी धाकटी बहीण सीर्का त्याची बायको, आणि हेल्मी त्यांची एकुलती एक. गार्थ इथे कॅनडात, थंडर बेच्या बंदरावर धान्याच्या कोठारांत इलेक्ट्रिशियन आहे. कामावरून आला की बूट काढून थेट तळघरात. तिथे एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये चार डिस्क बसवून त्याने स्वतःचं थिएटर उभं केलं होतं. विकत आणलेला प्रत्येक सिनेमा त्यात उतरवायचा, त्याला पोस्टर लावायचं, नटनट्यांची नावं भरायची. मग वर बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर ते सगळं ओळीने दिसायचं. माणूस मुका, पण त्याची यादी बघावी तर एकही काना-मात्रा चुकलेली नाही.

"माझ्यापेक्षा त्या डबड्यावरून जास्त हात फिरवलाय याने," सीर्का म्हणायची.

त्याच डबड्यात एक कप्पा होता, 'घरचं'. हेल्मी जन्मल्यापासून गार्थने काढलेले व्हिडिओ त्यात होते. शनिवारी सगळ्यांनी सॉनात, वाफेच्या गरम खोलीत, बसायचं, लालबुंद होऊन बाहेर यायचं, ओल्या केसांनी सोफ्यावर बसून मोहरी लावलेलं भाजकं सॉसेज खायचं आणि 'घरचं' लावायचं, असा नेम होता. दर व्हिडिओत सीर्का कॅमेऱ्यावर खेकसत असायची, माझे केस बघ, बंद कर ते, आणि गार्थ काही बंद करायचा नाही. आम्ही तेच तेच बघून तेवढंच हसायचो.

हेल्मी पावणेनऊ वर्षांची असताना, नोव्हेंबरात, सीर्का गेली. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेली तिथपासून सहा आठवडे. मी मोठी बहीण. माझ्या आधी तिने जायचं काही कारण नव्हतं.

अंत्यविधी उरकून आठवडा झाला असेल. गार्थ कामावर परत जायला लागला होता. एका दुपारी हेल्मी शाळेतून येऊन एकटीच टीव्हीसमोर बसली आणि गार्थच्या डबड्यातला प्रेतं उठून चालायला लागतात तो कुठला तरी सिनेमा तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. आईला पुरून आठ दिवस झालेली पोर! त्यानंतर ती अंथरूण ओलं करायला लागली. मला कळलं तशी मी गाडी काढली आणि बर्फ पडत असताना त्यांच्या घरी जाऊन गार्थला फैलावर घेतलं.

"तुझ्या त्या डबड्याला कुलूप लाव. आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर."

"लावतो," तो म्हणाला. त्याच्यात भांडायचीही ताकद नव्हती.

तळघरात तो खुर्चीत बसला, मी मागे उभी राहिले. त्या सॉफ्टवेअरमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं पान होतं. हेल्मीच्या पानावर त्याने 'फक्त सर्वांसाठी असलेले' असा वर्ग निवडला. वरचे सगळे बंद.

"आणि ज्यांच्यावर सेन्सॉरचा शिक्काच नाही त्यांचं काय?" मी विचारलं. मी हुशार ना. त्याच्याकडे जपानी, कोरियन, कुठले कुठले भुताचे सिनेमे होते, त्यांना आपल्याकडचा शिक्का कुठून असणार?

"तेही लपवता येतात," तो म्हणाला आणि खाली एका चौकोनात त्याने खूण केली.

"हं. आता कसं," मी म्हटलं, आणि वर जाऊन सीर्काचं कपाट रिकामं करायला घेतलं. कपडे चर्चच्या दुकानात द्यायचे होते. गार्थला ते जमलं नसतं, म्हणून मीच पिशव्या भरल्या. हेल्मी दारात उभी राहून बघत होती. हिरवा कोट कुठे चाललाय, असं तिने बापाला विचारलं तेव्हा गार्थ गॅरेजमध्ये गेला आणि तासभर तिथेच राहिला. मी तिला म्हटलं, "बाबाला आईचं काही विचारू नकोस राणी, त्याला त्रास होतो." पोरीने ते ऐकलं. फारच ऐकलं.

शनिवारचा नेम मोडला. गार्थ एकटाच सॉनात बसायचा आणि नंतर तळघरात जाऊन स्वतःच्या नावाने 'घरचं' बघायचा. वरचा टीव्ही हेल्मीच्या नावाने चालायचा.

तीनेक महिन्यांनी त्याने मला फोन केला. गार्थने आपणहून फोन करणं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला माहीत होतं.

"काइसा, ती सीर्काचं काहीच बघत नाही गं."

"तुला काय माहीत?"

"कोणी काय बघितलं त्याची यादी असते. मी दर रविवारी बघतो. कार्टून आहेत, घोड्यांचे सिनेमे आहेत. 'घरचं'मधलं एकही नाही. एकदाही नाही."

शाळेच्या समुपदेशक बाईंनी मला एक पत्रक दिलं होतं, ते वाचून मी दीडशहाणी झाले होते. "मुलं आपल्या गतीने दुःख करतात," मी ऐकवलं. "तिला नको वाटत असेल. जबरदस्ती करू नकोस, विषयही काढू नकोस. बघावंसं वाटेल तेव्हा बघेल."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर नऊ वर्षं तो दर रविवारी ती यादी बघत राहिला आणि मुलगी आईला विसरून गेली असं समजत राहिला.

वर्ग मात्र तो वाढवत गेला. त्याची एक रीत होती, आणि मी आजवर त्या माणसाचा तेवढाच एक विनोद बघितलाय. हेल्मीच्या दहाव्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर तो तळघरात गेला आणि छापलेला कागद घेऊन वर आला. 'कुमारी हेल्मी यांना कळवण्यास आनंद होतो की, आजपासून त्यांना पालकांसोबत बघण्याच्या चित्रपटांच्या वर्गात बढती देण्यात येत आहे.' खाली सही, आणि बटाटा कापून केलेला शिक्का. चौदाव्याला चौदाच्या वर्गात बढती. दोन्ही वेळा हेल्मी कागद हातात घेऊन तडक टीव्हीकडे धावली होती. आम्ही हसलो होतो. केवढी घाई, मी म्हटलं होतं.

या फेब्रुवारीत ती अठराची झाली. दुपारी मी गुलाबी आयसिंगचे पर्शियन बन घेऊन गेले, कारण केक आता तिला पोरकट वाटतो. हेल्मी उंच झालीय, बोलते कमी, बापावर गेलीय. विनिपेगला बेकरीत काम मिळवलं होतं, महिनाअखेरीला जाणार होती. खाणं झाल्यावर गार्थ खाली गेला आणि कागद घेऊन आला. त्याचे कान लाल झाले होते.

"वाच," तो म्हणाला.

"तूच वाच," हेल्मी म्हणाली.

"'आजपासून कोणतीही मर्यादा नाही. जे आहे ते सगळं आपलं.'"

हेल्मीने रिमोट उचलला. या वेळी ती धावली नाही. सोफ्याच्या कडेवर बसून तिने यादी वरपासून खाली नेली, पुन्हा खालून वर आणली. मग शोधायच्या चौकटीत एकेक अक्षर टाकत आईचं नाव लिहिलं. काही आलं नाही. तिने रिमोट टेबलावर ठेवला, इतका हळू की मला भीती वाटली.

"मी महिनाअखेरीला नाही, उद्याच जाते," ती म्हणाली. "आणि नाताळला वगैरे येणार नाही. आधीच सांगते."

"अगं, झालं काय?" मी विचारलं.

"यालाच विचार." ती बापाकडे न बघता बोलत होती. "तुला तिचे कपडे नको होते, ठीक. तिचं नाव नको होतं, ठीक. पण व्हिडिओ माझेपण होते, बाबा. मी आठ वर्षांची होते म्हणून तू ते पुसून टाकलेस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस."

गार्थने हातातला कागद खाली ठेवला. "पुसले? कोणी पुसले?"

"दहाव्या वाढदिवसाला मी शोधले. नव्हते. मला वाटलं, आई आजारी होती ना, तेव्हाचे असतील, लहान मुलांनी बघू नये असे. चौदाव्याला परत शोधले. मग म्हटलं, अठराव्याला असतील. मोठ्यांचे असतील." तिचा आवाज चिरकला. "आत्ता तू म्हणालास, सगळं आपलं."

"तूच बघत नव्हतीस," गार्थ म्हणाला. "हेल्मी, मी दर रविवारी बघायचो. तू एकदाही लावलं नाहीस. मला वाटलं तुला नको झालंय."

"मला नको झालंय?"

मला आधी कळलं. दोघांच्याही आधी.  नऊ वर्षांपूर्वी त्या खुर्चीमागे मीच तर उभी होते.

"खाली चला," मी म्हटलं.

तळघरात गार्थने हेल्मीचं पान उघडलं. वर मर्यादा नाही असं लिहिलं होतं, आत्ताच त्याने केलं होतं ते. खाली, पान सरकवल्यावरच दिसेल असा, तो चौकोन. 'वर्गवारी नसलेले लपवा.' आत खूण तशीच. वर्ग वाढवताना तो वरचं बदलायचा आणि पान बंद करायचा. त्याच्या स्वतःच्या नावाला सगळंच दिसायचं, त्यामुळे काही हरवलंय असं त्याला कधी वाटलंच नाही. आणि त्या सॉफ्टवेअरची तऱ्हा अशी, की लपवलेल्यावर ते कुलूप दाखवत नाही, बंद आहे असं सांगत नाही. ती गोष्ट कधी नव्हतीच, असं वागतं.

माझ्या बहिणीला कुठलं सेन्सॉर बोर्ड शिक्का देणार होतं?

"मीच सांगितलं होतं हे," मी म्हटलं. "शिक्का नसलेल्यांचं काय करतोस, म्हणून मीच विचारलं होतं."

गार्थने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने खूण काढली आणि पहिला हाताला आला तो व्हिडिओ लावला.

सीर्का स्वयंपाकघरात पीठ मळत होती. पुल्ला करायची ती, वेलदोड्याचा गोड पाव. बाजूला पाचेक वर्षांची हेल्मी स्टुलावर उभी.

"गार्थ, बंद कर ते, अवतार बघ माझा. हेल्मे, बोटं काढ त्यातून! बोटं! अरे, काइसाला लावा कोणीतरी फोन, वेलदोडे किती म्हणाली होती ती?"

मी रडत होते. गार्थही. हेल्मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा कोरा होता. व्हिडिओ संपला. "परत," ती म्हणाली. गार्थने परत लावला.

"ही आईच बोलतेय ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय," गार्थ म्हणाला.

"एवढा बारीक आवाज होता तिचा?"

सीर्काचा आवाज बारीकच होता, जरा नाकातला. आमची आई तिला चिमणी म्हणायची. आम्हा दोघी बहिणींच्या आवाजात काडीचं साम्य नव्हतं. माझा घोगरा, पुरुषी म्हणावा असा.

"मला तिचा आवाज आठवतो," हेल्मी हळूहळू म्हणाली. "रोज झोपताना मी मुद्दाम आठवायचे, विसरायला नको म्हणून. ती मला राणी म्हणते. झोप आता राणी, असं. जाड आवाजात." ती माझ्याकडे वळली. इतकी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट दुसऱ्याची निघाल्यावर माणूस जसं बघेल तसं बघितलं तिने. "तो तुझा आहे, मावशी."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला ठाऊक नाही, माफी मागणार होते बहुतेक. पण तिने दोन्ही हात कानांवर दाबले.

"नको, बोलू नकोस. प्लीज. मला आत्ताच आईचा आवाज नीट ऐकू आलाय. तू बोललीस की जाईल."

मी मान हलवली. गार्थने व्हिडिओ मागे नेला. मी जिना चढून वर आले, कोट घातला, बूट चढवले आणि निघते असं न सांगताच दार ओढून घेतलं.

याला आता अकरा आठवडे झाले. हेल्मी विनिपेगला गेली, पण महिनाअखेरीलाच. सगळे व्हिडिओ गार्थने तिला एका छोट्या डिस्कवर दिलेत. त्याच्याशी ती फोनवर बोलते, थोडंथोडं. मला लिहिते. बेकरीतल्या मालकिणीबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल, थंडीबद्दल. मीही लिहूनच उत्तर देते. फोन करत नाही.

काल तिने लिहिलं, 'आता डोळे मिटले की आईचा आवाज येतो. पहिली दोन-तीन वाक्यं तिचाच असतो. मग तुझा होतो. अजून थोडं थांबशील?'

मी लिहिलं, 'थांबते.'