साडेसातशे वॉटची कटकट

सलग तिसऱ्या पेशंटनं आवाज नसतानाच बटण दाबलं, तेव्हा बाईंनी हेडफोनची वायर तपासली, बटण तपासलं आणि शेवटी त्या स्वतःच पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पेशंट होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "मघापासून मला एक घूं घूं ऐकू येतेय. ती धरायची की सोडायची, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

बाई कानांच्या तपासनीस होत्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा त्यांचा दवाखाना. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड फोम, दाराला आवाज अडवणारी दुहेरी पट्टी. पेशंटच्या कानात अगदी हळू सूर सोडायचे आणि ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, एवढंच काम; पण त्याला शांतता लागते. आणि घूं घूं येत होती टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधून. तपासणीचं मशीन त्याच्यावरच चालायचं, त्यामुळे तो खोलीबाहेर काढण्याची सोय नव्हती.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे मालक वॉटकाका. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. कोणीही काहीही दुरुस्तीला आणलं की काका म्हणत, "वॉट कमी पडतायत!" म्हणून हे नाव. ते आले, डबा उघडला आणि तिथूनच ओरडले, "पॉवर सप्लायचा पंखा गेलाय, मॅडम! सप्लायच बदलू!"

"बदला, पण आवाज न करणारा आणा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी साडेसातशे वॉटचा सप्लाय आणला. विटेएवढा जड, आणि आतला पंखा बशीएवढा. मशीन सुरू केल्यावर खोलीत कोणीतरी सतत उसासे टाकतंय असं वाटू लागलं.

"एवढा मोठा कशाला, काका?"

"जोर हाताशी असलेला बरा, मॅडम. वेळप्रसंगी उपयोगी पडतो."

कानांच्या तपासणीत असा कोणता वेळप्रसंग येणार होता, हे बाईंना कळेना. त्यांनी आपल्या दिरांना फोन लावला. दीर एका कारखान्यात विजेचं काम बघत. त्यांनी प्लगमध्ये खोचायचा छोटा मीटर पाठवून दिला. कॉम्प्युटर भिंतीतून एकसष्ट वॉट खेचत होता. साडेसातशे नाही, एकसष्ट.

"वहिनी, त्यातलेही सगळे कामाला येत नाहीत," दीर म्हणाले. "सप्लाय वीज आत घेतो, त्यातली थोडी मशीनला देतो आणि बाकीची स्वतःच तापण्यात घालवतो. तापला की पंखा आला, पंखा आला की आवाज आला. स्वस्तातल्या मोठ्या सप्लायला एवढंसं काम दिलं की तो फारच उधळ्या होतो. दोन कप चहासाठी हंडा चढवल्यासारखं आहे ते. तुम्ही लहान आणि काटकसरी बघा. तीनशे वॉट पुष्कळ झाले. पण शंभरातले नव्वद मशीनपर्यंत पोचवणारा हवा. तो तापणारच नाही, मग पंखा फिरेल कशाला?"

बाईंनी हे सगळं कागदावर लिहून काकांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"तीनशे? मॅडम, गेम खेळणारी पोरंसुद्धा हजार मागतात. तीनशे म्हणजे लोक मला हसतील."

"हसू देत. खोली माझी आहे."

काकांनी तिथूनच घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला, तोही स्पीकरवर. दोघांचं बोलणं जिन्यापर्यंत ऐकू जात होतं. व्यापारी म्हणे, तीनशेचा घेऊन काय करता, पाचशेचा त्याच भावात देतो. काका म्हणे, मीही तेच सांगतोय, पण मॅडम ऐकत नाहीत. मॅडम समोरच उभ्या होत्या.

आठवड्यानं तीनशेचा एक सप्लाय आला खरा. पण उचलला तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी, इतका हलका. कागदावर लिहिलेल्या 'शंभरातले नव्वद'चा त्यावर कुठे पत्ता नव्हता. पंखा जेमतेम फिरत होता, ही गोष्ट खरी. पण आतून एक बारीक, टोकदार शिट्टी येऊ लागली. अंधारात कानाशी डास यावा तशी. न थांबणारी.

"काका, हा कींकीं करतोय."

"कुठे? चिडीचूप आहे."

बाईंनी बाहेर बसणाऱ्या मदतनीस ताईंना बोलावलं. त्या दारातूनच दोन्ही कान दाबून परत गेल्या.

काका गेले, आले, वायरी बदलून पाहिल्या, स्क्रू आवळले, टेबल सरकवलं. तीनदा आले आणि तीनदा म्हणाले, "चिडीचूप." तिसऱ्या खेपेला टेबलाखालूनच वर ऐकवलं, "तुमचे कान फार नाजूक झालेत, मॅडम. दिवसभर कानांचंच काम ना, त्याचा हा परिणाम."

बाईंचा संयम तिथे संपला. गेले सहा आठवडे त्या पेशंटची तोंडं बघत होत्या, चुकीचे तक्ते फाडत होत्या आणि या माणसाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या काकांच्या पाठीमागून ओरडल्या, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"आँ?" काका म्हणाले.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. जिन्यात ऐकू जाणारा फोन. समोरचं ओरडणं. बोलताना सतत आपल्या ओठांकडे बघणं, आणि पाठ फिरवली की भलतंच उत्तर. पेशंटच्या बाबतीत या गोष्टी त्या दारातच टिपत. हा माणूस सहा आठवडे समोर वावरला आणि त्या नुसत्या चिडत राहिल्या. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आता राग काकांचा येत होता की स्वतःचा, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

"काका, पाच मिनिटं या खुर्चीत बसता?"

"माझे कान ठणठणीत आहेत."

"असतील. बसा तरी."

कॉम्प्युटर बंद करून बाईंनी कपाटातून शिकतानाचं, आजवर आठवलंही नसलेलं जुनं, बटणं फिरवायचं मशीन काढलं. काका बसले ते खुर्चीवर उपकार केल्यासारखे. जाडे सूर त्यांनी झटपट ओळखले. सूर बारीक होत गेले तशी बटणं थांबली. कागदावरची रेघ सुरुवातीला सरळ गेली आणि मग जिना उतरावा तशी खाली आली.

"दुकानाआधी काय करायचात?"

"छापखान्यात होतो. यंत्रांच्या खडखडाटात बावीस वर्षं."

"ही शिट्टी ज्या सुरात आहे ना, तो तुमचा गेलाय, काका. सप्लाय वाजतोय. तुम्हाला तो ऐकू येत नाही, एवढंच."

काकांनी पेचकस पिशवीत टाकले, पिशवी बगलेत मारली आणि निघून गेले. कॉम्प्युटरचं झाकण उघडंच राहिलं.

चार दिवस काकांचा पत्ता नव्हता. बाई जुन्या मशीनवर तपासण्या करत होत्या, हातानं तक्ते काढत होत्या. आधीच्या चौदा जणांना फोन करून पुन्हा बोलवायचं कामही होतंच. एक गृहस्थ म्हणाले, "एकदा बहिरा म्हणून सांगितलंत, आता काय मुका म्हणून सांगणार आहात?" फोन ठेवून बाई तडक खाली उतरल्या आणि दुकानात गेल्या.

गल्ल्यावर काकू होत्या.

"तुम्हीच का त्या? बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय. मी हाक मारली की हे म्हणतात, तू पुटपुटतेस. मी! माझ्या हाकेला शेजारच्या इमारतीतून ओ देतात!"

काका मागच्या बाकावर एका की-बोर्डची बटणं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला भांडायचं नाहीये, काकू. मला तो सप्लाय हवाय."

काकूंनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि फोन उचलला. व्यापाऱ्यानं पाचशेचं पालुपद सुरू करताच त्या म्हणाल्या, "मी काय मागितलं, ते तुम्ही ऐकलंत ना? मग तेच द्या." नऊ दिवस लागले, पण मिळाला. तळहातावर मावेल एवढा, पण चांगला वजनदार.

बसवायला काका आले, बरोबर काकूही आल्या. काकांनी जोडणी केली, दिवा लागला. काकू गुडघे टेकून टेबलाखाली वाकल्या आणि कान अगदी डब्याला लावला.

"सुरू केलात का?"

"केव्हाच," काका म्हणाले.

"मग झालं. मला ऐकू येत नाहीये, म्हणजे नाहीचे."

बाईंनी मीटर दाखवला. शेहेचाळीस. काकांनी चष्मा लावून तो आकडा वाचला. "पंधरा वॉट नुसते उडत होते होय," ते हळूच म्हणाले. एवढ्या हळू बोलताना बाईंनी त्यांना प्रथमच ऐकलं.

मग काकूंनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "आता यांचं बघा."

कानातलं मशीन निवडताना काकांना पुन्हा कंठ फुटला. "सगळ्यात ताकदीचं द्या, मॅडम. एकदाच काय ते घेऊ."

"काका, तुमच्या जाड्या सुरांना काही झालेलं नाही. बारीक सुरांना थोडी मदत हवी. ताकदीचं घातलंत तर डोकं उठेल."

"पण जोर हाताशी असलेला..."

"काका!"

"कमी पडलं तर?"

बाईंनी तक्ता दाखवला, पुन्हा समजावलं, कपाळाला हात लावला. अर्धा तास हेच चाललं. शेवटी काकू म्हणाल्या, "बाई, तुम्ही यांना तीनशेवालंच द्या."

काका गेले ते मशीन कानात घालून, गालातल्या गालात हसत. बाईंना वाटलं, सुटले एकदाची. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर होते.

"मॅडम, प्लास्टिकची पिशवी इतकी वाजते?"

"वाजते."

"आणि लोक जेवताना चमचे आपटतात?"

"आपटतात, काका."

"मग हे जरा कमी करून द्या."

दोन दिवसांनी चपलांची तक्रार आली. त्यानंतर पावत्या फाडण्याची. बाई दर वेळी मशीन तपासत, सगळं जागच्या जागी असे, आणि त्या सांगत, "सवय होईल." चौथ्या खेपेला काका बाहेरच्या बाकावर बसून ताईंना म्हणत होते, "आमची ही पुटपुटत नव्हती हो, बरंच काही बोलत होती. आता सगळं कळतंय, त्याचं काय करू?"

"आत या, काका. पाच मिनिटं शांतता मिळेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुहेरी पट्टीचं दार लावून घेतलं.