वन्संच्या व्हॅनची ठक्

वन्संच्या पांढऱ्या व्हॅनला आवाज यायला लागला, तेव्हा पहिला बळी गेला तो साखरेच्या नवरदेवाचा. सिग्नल सुटला, वन्संनी क्लच सोडला, गाडीच्या पोटात कुठेतरी ‘ठक्’ झालं आणि मागे केकच्या माथ्यावर उभा असलेला नवरदेव नवरीला तिथेच सोडून क्रीममध्ये तोंडावर पडला.

“तुला नीट धरता येत नाही का गं?” वन्सं पुढून ओरडल्या.

“मी केक धरलाय वन्सं. नवरदेवाला कशी धरणार? तुम्ही क्लच जरा हळू सोडा.”

नणंद-भावजय मिळून केकचं दुकान चालवायच्या. भट्टी आणि सजावट भावजयीकडे, गिऱ्हाइकं आणि गाडी वन्संकडे. मोठा केक पोचवायचा असला की वन्सं स्टिअरिंगवर बसायच्या आणि भावजय मागे, सीटं काढून मोकळ्या केलेल्या जागेत, मांडी घालून, खोक्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन. भावजयीकडे लायसन्स होतं, पण व्हॅनची किल्ली तिच्या हातात कधी पडली नव्हती. व्हॅन या घरात तिच्या आधीपासून होती, आणि वन्सं व्हॅनला तसा मानही द्यायच्या.

आवाज काही थांबेना. गाडी जागेवरून निघाली की ‘ठक्’. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘ठक्’. आणि गल्लीतून हळू जाताना खालून ‘चिक् चिक् चिक्’, जणू पाखरांनी बिऱ्हाड केलंय. वेग वाढला की पाखरं गप्प. वन्संच्या मते आवाज मागून यायचा, म्हणजे भावजयीच्या बाजूने. भावजयीच्या मते तो खालून यायचा, पण तो काढायच्या वन्संच. भावजयीच्या नवऱ्याला, म्हणजे वन्संच्या धाकट्या भावाला विचारलं, तर तो म्हणाला, “मला तर कसलाच आवाज ऐकू येत नाही.” बायको आणि बहीण यांच्यामध्ये राहून त्याने कान तसे तयार केले होते.

शेवटी वन्संनी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणायचे. इंजिन नुसतं ऐकून तो आजार सांगतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता. तो एकटाच गाडीत बसला, डोळे मिटून घ्यायचे तेवढे बाकी ठेवले, आणि चौकाला वळसा घालून परत आला.

“ताई, गाडी ठणठणीत आहे.”

“अहो, ठक् करते ती!”

“माझ्या हातात नाही केली. सायलेन्सरचा एक नट सैल होता, तो आवळलाय.”

वन्सं घरी आल्या. वाटेत गाडी खरंच गप्प होती. दुसऱ्या दिवशी केक घेऊन निघाल्या आणि पहिल्याच वळणावर ‘ठक्’. पुन्हा गॅरेज. पुन्हा कानसेनची फेरी. पुन्हा गाडी देवासारखी शांत.

तेव्हा वन्संनी विचार केला आणि मनात आलं ते तसंच बोलून टाकलं. “कानसेन बसला तर आवाज नाही. मी एकटी बसले तर आवाज नाही. तू मागे बसलीस की मात्र येतो. आता यावर मी काय म्हणू?”

भावजयीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती अंगाने भरलेली होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळभर तिने बिस्किटांचं पीठ असं मळलं, की पलीकडच्या खोलीत वन्संना आपलीच हाडं खिळखिळी झाल्यासारखी वाटली.

सकाळी वन्सं खाली आल्या तर व्हॅनचं मागचं दार उघडं. आत, भावजयीच्या नेहमीच्या जागी, मैद्याची दोन पोती बसवलेली. भावजय बाहेर उभी, हात कमरेवर.

“चालवा,” ती म्हणाली. “मी इथेच थांबते.”

वन्संनी गाडी काढली. ‘ठक्’. रिव्हर्स घेतला. ‘ठक्’. गल्लीच्या टोकापर्यंत पाखरं चिवचिवत गेली आणि चिवचिवत परत आली.

“आता पोत्यांना बोला काय बोलायचं ते,” भावजय म्हणाली.

वन्सं गाडीतून उतरल्या. मग त्यांनी केलं ते भावजयीला स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली. “तू चालव. क्लच माझा वाईट आहे की गाडीच वाईट आहे, तेही एकदा कळू दे. मी मागे बसते.”

भावजय आत धावली आणि येताना दुकानातलं मोठं लाकडी लाटणं घेऊन आली. “याचं एक टोक गाडीच्या फरशीला लावा, दुसरं कानाला. माझे बाबा पंपाचा आवाज असाच शोधायचे.”

वन्सं, ज्यांनी वयाच्या विशीनंतर जमिनीवर बसायचंही टाळलं होतं, त्या मैद्याच्या पोत्यांना टेकून व्हॅनमध्ये आडव्या झाल्या. भावजयीने क्लच अगदी लोण्यासारखा सोडला. ‘ठक्’.

“तुझाही तसाच सुटतो गं!” मागून वन्संचा आनंदी आवाज आला.

लाटणं डावीकडे सरकलं, उजवीकडे सरकलं, मागच्या चाकाजवळ गेलं. गल्लीत चार फेऱ्या झाल्या. शेजारच्या न्हाव्याने अर्धवट भादरलेल्या गिऱ्हाइकासकट दारात येऊन विचारलं की काही मदत हवी का. तेवढ्यात वन्सं किंचाळल्या, “सापडला! मागच्या चाकांच्या मधोमध! कानात हातोडा मारल्यासारखा आला!”

पोती न उतरवता दोघी थेट गॅरेजात गेल्या. या वेळी कानसेन गाडीत बसला आणि चौकापर्यंतही न जाता परत आला. चेहरा जरा उतरला होता, पण माणूस खिलाडू.

“वजन पडलं की गाडीची मागची बाजू बसते,” तो म्हणाला. “मग शाफ्टचा कोन बदलतो. मला रिकामी गाडी दाखवलीत, ती कशी बोलेल? या.”

त्याने दोघींना वाकून खाली बघायला लावलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या टोकाला सांधा, सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा, त्याला क्रॉस म्हणतात. कानसेनने शाफ्ट दोन्ही हातांनी पिळला. सांधा कटकन हलला. भोवती तांबूस गंजाची भुकटी जमली होती.

“ग्रीस कधीच संपलंय. कोरडा पडलाय, म्हणून चिकचिक. झिजलाय, म्हणून ठक्.”

त्याने शाफ्ट जिथे मागे जोडलेला असतो तिथे खडूने एक रेघ ओढली, चार बोल्ट काढले, शाफ्ट खाली उतरवून शिकंज्यात धरला आणि जुना क्रॉस ठोकून बाहेर काढला. त्यातल्या सुईसारख्या बारीक सळया निम्म्या मोडलेल्या होत्या. नवा क्रॉस बसला, ग्रीस भरलं, शाफ्ट परत चढला. तिघंही गाडीत बसली. भावजय पुन्हा मागे, पोत्यांशेजारी. गाडी निघाली. ठक् नाही. पाखरंही नाहीत. वन्संचा जीव भांड्यात पडला.

मोठ्या रस्त्याला लागून वेग घेतला, आणि सगळी व्हॅन थरथरू लागली.

“हे-हे-हे का-य आ-हे?” वन्संनी विचारलं. आरशातलं जग दोन-दोन दिसत होतं.

“न-वा पा-र्ट आ-हे ता-ई, ब-से-ल,” कानसेन म्हणाला.

“थांबा,” गाडी कडेला उभी राहिल्यावर भावजय म्हणाली. “मी केक आडवा कापते ना, तेव्हा आधी कडेला वरपासून खालपर्यंत क्रीमची रेघ ओढते. थर परत ठेवताना रेघ जुळवायची. नाही जुळली तर तोच केक वाकडा दिसतो. तुमची खडूची रेघ जुळली होती का?”

कानसेनने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. ग्रीस, आणि ग्रीसमध्ये पांढरट काहीतरी. रेघ त्याच्याच हाताने पुसली गेली होती. शाफ्ट अंदाजाने चढवला होता.

“वहिनी,” तो हसत म्हणाला, “हे बाहेर कुठे बोलू नका.”

गॅरेजात परत येऊन त्याने बोल्ट काढले आणि शाफ्ट एक भोक पुढे फिरवून लावला. या खेपेला गाडी इतकी थरथरली की वन्संच्या डोक्यावरचा चष्मा नाकावर आला. अजून एक भोक फिरवला. गाडी मोठ्या रस्त्यावर धावली आणि तिघंही कान टवकारून बसली. काहीच नाही. नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. कुणालाच बोलावंसं वाटेना, इतकं ते छान होतं. या वेळी कानसेनने खूण छिन्नीने ठोकली, आणि दोनदा ठोकली.

दुसऱ्या दिवशी एका आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नाशीचा तीन मजली केक न्यायचा होता. वन्सं सवयीने पुढे निघाल्या, दाराला हात लावला आणि थांबल्या. मग वळून मागे जाऊन बसल्या आणि त्यांनी खोक्याला मिठी मारली.

“सावकाश गं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “इथे खड्डे फार लागतात की.” आणखी थोड्या वेळाने, “इतकी वर्षं बोलली नाहीस ती?”

“बोलत होते वन्सं. तुम्ही पुढे होतात.”

वन्संनी खोकं अजून घट्ट धरलं. केक तिन्ही मजल्यांसकट उभा पोचला.

परत आल्यावर भावजयीने किल्ली खिळ्याला लावली. वन्संनी ती काढून पुन्हा तिच्या हातात दिली. “साखर संपलीय. घेऊन ये.”

साखरेचं दुकान पाच मिनिटांवर होतं. भावजय तासाभराने परतली. केस विस्कटलेले, खिडकी पूर्ण उघडी, साखरेचं पोतं मागे.

“कुठे होतीस एवढा वेळ?”

“रस्ता मोकळा होता,” ती म्हणाली आणि पोतं उतरवायला लागली. वन्संनी पोत्याचं दुसरं टोक धरलं.