मुठीजवळचा तडा

वैभवीने ढाल टेबलावर पालथी ठेवली आणि मुठीजवळच्या तड्यावर हातमोज्यातलं बोट टेकवलं.

“हा तडा पाहिलात? इतक्या लांबच्या विमानप्रवासाआधी सहा महिने तरी हिला हलवू नये.”

तडा जुनाच होता, वाढायचा केव्हाच थांबलेला. मँचेस्टरच्या त्या म्युझियममध्ये हे फक्त तिलाच ठाऊक होतं, कारण लाकडी वस्तूंची निगा तिच्याकडे होती आणि तिचा शब्द कुणी मोडत नसे.

समोर अंकल लेन बसले होते. ढाल त्यांच्या पणजोबांनी घडवलेली. म्युझियमने ती परत द्यायचं ठरवल्यावर तिला घरी न्यायला ते थेट ऑस्ट्रेलियाहून आले होते. त्यांच्या आदिवासी समाजात वडीलधाऱ्यांना अंकलच म्हणतात; काका म्हणायची सवय असलेल्या वैभवीला ते जड गेलं नाही. जड जात होतं ते ढाल देणं. इतकी वर्षं तिने तिला जीव लावला होता, तिच्यावरच्या नागमोडी रेषांतली धूळ बारीक ब्रशने टिपली होती. सकाळी अंबरीशने, तिच्या नवऱ्याने, छेडलंही होतं.

“लेक सासरी निघाल्यासारखा चेहरा काय केलायस? अगं, ती माहेरी चाललीय. जस्ट लेट हर गो ना.”

ते तिला चांगलंच झोंबलं होतं.

“हातात घेऊ?” अंकलनी विचारलं.

तिने हातमोजे पुढे केले. त्यांनी ते हसून बाजूला सारले. मूठ वेगळी बसवलेली नव्हती, ढालीच्याच लाकडात कोरून काढली होती, आणि बोटं जायला जागा इतकी अरुंद की वैभवीने ती लहान मुलाची ढाल ठरवून टाकली होती. अंकलचा सुरकुतलेला हात मात्र अलगद आत गेला.

“आमच्या घरात सगळ्यांचेच हात लहान,” ते म्हणाले. “ज्याची ढाल, त्याच्याच हाताच्या मापाने कोरायची. बायको अजून चिडवते मला या हातांवरून.”

दुसऱ्या हाताने त्यांनी त्या नागमोडी रेषा एकेक करून चाचपून पाहिल्या. मग ढाल हळूच खाली ठेवून आपली काठी शोधू लागले.

“सहा महिन्यांनी येतो. तुझ्याजवळ आहे म्हटल्यावर मला काळजी नाही.”

वैभवीला स्वतःची लाज वाटली, आणि या म्हाताऱ्याविषयी फार माया दाटून आली.

“अंकल, तडा जुना आहे. प्रवासाने काही होणार नाही तिला,” ती म्हणाली. “तिच्या प्रवासाची पेटीसुद्धा मी गेल्याच आठवड्यात तयार केलीय.”

“ठाऊक आहे. येताना दारामागे पाहिली मी,” पुन्हा खुर्चीत टेकत अंकल म्हणाले. “आतलं कापड छान मऊ निवडलंयस.”