क्लाउडमध्ये ब्याऐंशी मार्क

गायत्रीला एमबीएत क्लाउड कम्प्युटिंगच्या पेपरात ब्याऐंशी मार्क होते. सुरतेत रिंग रोडवरच्या साडी कंपनीत मुलाखतीला गेली, तेव्हा रश्मी मॅडमनी तिच्यापुढे लॅपटॉप सरकवला. कामरेज आणि सुरत, दोन्ही गोदामांचा माल ऑनलाइन एकाच ठिकाणी दिसेल अशी मांडणी करून दाखवायची होती. क्लाउडची व्याख्या, फायदे, प्रकार तिला तोंडपाठ होते. पण स्क्रीनवर उघडलेल्या खिडकीत पहिलं बटण कुठलं दाबायचं, तेच तिला ठाऊक नव्हतं. अर्धा तास ती नुसती बसून राहिली.

"धंदा तुम्हाला कळतो," रश्मी मॅडम म्हणाल्या. "त्याच्या जोडीला हे हातानं येत असतं, तर आज घेतलं असतं. सध्या बिलिंगला जागा आहे. विचार करा."

बिलिंगला साधी पदवी पुरत होती. गायत्री तडक कॉलेजवर गेली. दोन वर्षं तिथल्या शिक्षिकेनं नुसत्या नोट्स उतरवून दिल्या होत्या आणि लॅबला कायम कुलूप होतं. फाटकावर मात्र तिचाच फोटो लावलेला: 'आमची क्लाउड एक्स्पर्ट'. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

डायरेक्टरनी चहा मागवला. तिची तक्रार ऐकून घेतली आणि हसत सुचवलं, की तिनं इथंच शिकवायला यावं.

"कुठला विषय?"

"क्लाउडच. नोट्स तर तयारच आहेत."

चहा तसाच ठेवून गायत्री उठली. खालच्या हॉलमध्ये नव्या प्रवेशांसाठी पालक जमले होते. ती सरळ माइकपाशी गेली आणि म्हणाली, "बाहेरच्या फोटोतली मुलगी मीच. मला क्लाउडचं काहीही येत नाही. प्रवेश घेण्याआधी लॅब उघडायला लावा."

कोसाडहून आलेले एक गृहस्थ उठले, त्यांच्यामागे आणखी दहाबारा जण. शिपायाला किल्ली सापडेना. शेवटी कुलूप तोडलं, तर आत मोडक्या खुर्च्या आणि जुन्या माहितीपत्रकांचे गठ्ठे. निम्मे लोक तिथूनच परतले. उरलेल्यांतली एक बाई शांतपणे म्हणाली, "डिग्री तर मिळते ना?" त्या वाक्यानं गायत्री जास्तच पेटली. बाहेर येऊन तिनं आपला फोटो टराटरा फाडला.

नवागामच्या खोलीत वडील छगन कापडाच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. मुलगी मोठी साहेब होणार, असं त्यांनी लूमवर सगळ्यांना सांगून ठेवलेलं. गायत्रीनं त्यांना सगळं सांगितलं.

"तुनं काय चुकनं?" त्यांनी विचारलं.

"कुलूप रोज दिसायचं, बाबा. मार्क मिळत होते म्हणून मी गप्प बसले."

दुसऱ्या दिवशी तिनं बिलिंगची नोकरी धरली. अट एकच घातली: काम संपल्यावर तासभर सिस्टीमवर बसू द्यायचं. रश्मी मॅडमनी दिलं. पहिले दोन महिने ती चुकतच होती, आणि दर चुकीला दात-ओठ खाऊन पुन्हा बसत होती. सातव्या महिन्यात दोन्ही गोदामांचा साठा तिनं एकत्र जोडून दाखवला. मॅडमनी तिला तेच काम देऊन वरच्या मजल्यावर टेबल दिलं.

त्या दिवशी कंपनीत पेढे वाटले गेले. जे सात महिन्यांत आलं, त्यासाठी आपली दोन वर्षं कुणी खाल्ली, या विचारानं गायत्रीला पेढा गिळवेना.