पडदा मागून फुटला

डॉक्टरीण काही खरी डॉक्टरीण नव्हती. सर्व्हिस सेंटरमध्ये सोळा वर्षं मॉनिटर दुरुस्त करत होती, आणि मेला म्हणून आणलेला पडदा तिच्या टेबलावर ठेवला की निम्म्या वेळा उठून बसायचा, म्हणून पडलेलं ते नाव. तिला आवडायचं. का आवडू नये? फुकट मिळालं नव्हतं.

आणि अशा बाईला एका माणसानं इंटरनेटवर चार ओळींत मातीत घातलं.

"बाई पाठवली. बाईनं हात लावला आणि पडदा तडकला. असली नाजूक कामं बायकांना देतातच कशाला? एक तारा, तोही नाइलाजानं."

मॉनिटर होता सत्तावीस इंची, खेळणाऱ्यांसाठीचा, ना स्वस्तातला ना फार महाग. घेणारा होता ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. दिवसभर शिकाऊ लोकांना वीसच्या वेगानं गाडी चालवायला लावायची आणि संध्याकाळी घरी बसून पडद्यावर तीनशेच्या वेगानं पळवायची, हा त्याचा विरंगुळा. पडद्यावर काळसर सावली दिसते, अशी त्याची तक्रार आली आणि डॉक्टरीण त्याच्या घरी गेली. पिशवीतून पेचकस बाहेर काढायच्या आधी तिनं लोखंडी दांड्यावर तिरका टांगलेला मॉनिटर दोन बोटांनी जरा सरळ केला, एवढंच. कट् असा आवाज आला आणि पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पळाली.

"दोन बोटांनी, साहेब! दोन बोटांनी काच फुटते का कधी?"

सेंटरचा साहेब वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता. "तुमचं खरं असेल हो बाई. पण खाली चारशे बारा लोकांनी अंगठे दिलेत. त्याची चूक आहे असं दाखवा, तुमचं टेबल तुम्हाला परत. तोवर मला काही करता येणार नाही."

टेबल गेलं जावईबापूकडे. तो कोणाचा जावई नव्हता, कामाला आल्यापासून वागायचा मात्र तसा, म्हणून ते नाव. डॉक्टरिणीला कोपऱ्यात खिडकीखाली बसवलं आणि काम दिलं ते काय, तर लोकांनी त्या मॉनिटरबद्दल लिहिलेले अनुभव वाचायचे आणि प्रत्येकाखाली लिहायचं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद वाटतो." सोळा वर्षं ज्या हातांनी पडदे उठवले त्या हातांनी खेद टंकायचा! तळपायाची आग मस्तकात जायची तिच्या.

काय काय लिहायचे लोक! "डाव्या कोपऱ्यातून उजेड गळतो, अंधारात लपलेला शत्रू दिसायच्या जागी मलाच माझं तोंड दिसतं." खेद वाटतो. "उत्तम मॉनिटर, अजून खोक्यातून काढलेला नाही, पाच तारे." याला काय म्हणायचं, खेद की अभिनंदन? "नवऱ्यासाठी घेतला. मॉनिटर छान दिसतो, नवरा दिसेनासा झालाय." इथे तिला मनापासून खेद वाटला.

सगळ्यांत जास्त तक्रार होती स्क्रूंची. मॉनिटर टेबलावर उभा न करता लोखंडी आर्मवर टांगायचा तर मागे चार स्क्रू लागतात, आणि त्या खेपेच्या निम्म्या खोक्यांत स्क्रूची पुडीच नव्हती. काउंटरवर येऊन जे मागायचे त्यांना डॉक्टरीण आपल्या डब्यातून द्यायची. तो पत्र्याचा डबा म्हणजे तिची सोळा वर्षांची कमाई. जावईबापू हात मारायचा म्हणून तिनं एका रविवारी सगळ्या स्क्रूंच्या डोक्यांना सासूबाईंची जांभळी नेलपॉलिश लावून टाकली होती. माप घ्यायची तिला गरज नसे. "चिमटीत धरला की मला कळतं," असं ती सांगायची, आणि तिचा तोरा बघून कोणी वाद घालायचं नाही.

घरी सासूबाई म्हणजे निखाऱ्यावर फुंकर. वय बहात्तर, दहाही नखं कायम रंगलेली, आणि कोणी वाकड्यात शिरलं की यांचा उत्साह दुप्पट.

"त्या मेल्याला सोडू नकोस हं," त्या रोज म्हणायच्या. "बायकांना कामं देऊ नयेत म्हणे! त्याच्या आईनं दिला असता एक ठेवून, तर असं लिहिलं नसतं."

"पुरावा नाही ना आई."

"मिळेल. असली माणसं गप्प बसत नाहीत."

आणि खरंच, चार महिन्यांनी मास्तरानं पुन्हा लिहिलं. अजून मॉनिटर बदलून मिळाला नाही म्हणून जखमेवर मीठ चोळायला त्यानं फुटलेल्या पडद्याचा मोठा, स्वच्छ फोटो टाकला. "बघा बाईची करामत."

डॉक्टरिणीनं बघितलं. आधी दात ओठ खात बघितलं, मग नीट बघितलं, आणि मग उठून जावईबापूच्या टेबलावरची पट्टी न विचारता उचलून आणली.

काच पुढून फुटते तेव्हा जिथं मार बसतो तिथून भेगा पसरतात. इथे भेगा सुटल्या होत्या दोन ठिकाणांहून, पडद्याच्या ऐन मध्याजवळ. पडद्याची रुंदी साठ सेंटिमीटर, तो हिशेब धरून तिनं फोटोवर पट्टी लावली. दोन ठिकाणांमधलं अंतर बरोब्बर दहा. मागच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर असतं तेवढंच.

म्हणजे पडदा मागून फुटला होता! या शहाण्यानं आर्मला लांब स्क्रू लावले, ते आत जाऊन काचेच्या पाठीत रुतले. ती सावलीही त्यांचीच. बिचारा मॉनिटर आधीच अर्धमेला होता आणि नाव आलं हिच्या दोन बोटांवर.

खुर्चीत बसल्या बसल्या तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली, पण ती काही क्षणच. नुसतं साहेबांना दाखवून हा विषय मिटवायचा? छे! चारशे बारा जणांसमोर अब्रू गेली, तशी ती चारशे बारा जणांसमोरच परत मिळवायची, आणि वर त्याला त्याच मातीत लोळवायचा.

तिनं मास्तराच्या मजकुराखाली लिहिलं, "शनिवारी सकाळी अकरा वाजता मॉनिटर आर्मसकट सेंटरवर आणावा. सर्वांसमोर उघडून कारण शोधू. दोष आमचा निघाला तर नवा मॉनिटर जागेवर मिळेल. ज्यांना बघायचं असेल त्यांनी अवश्य यावं." साहेबांना फोटो आणि पट्टी दाखवली तेव्हा साहेब पहिल्यांदा चार महिन्यांत तिच्याकडे सरळ बघून हसले. "टेबल सोमवारपासून तुमचं," म्हणाले.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी तिला बळंच खाली बसवलं आणि तिची दहाही नखं रंगवली. "हातावरून बोलला ना तो? मग हात दिसू देत."

अकराला सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उजेड गळणारा आला होता, नवरा हरवलेली आली होती, नवऱ्याला घेऊन. चार-सहा जण फोन उंच धरून उभे होते. मास्तर आला तो छाती काढून, मॉनिटर काखोटीला मारून. मागे त्याची बायको, आर्मचा लोंबणारा दांडा सांभाळत.

मॉनिटर टेबलावर पालथा ठेवला. आर्मची चकती पाठीवर घट्ट बसलेली होती, वर प्लास्टिकचं झाकण.

डॉक्टरिणीनं पेचकस मास्तरापुढे धरला. "तुम्हीच उघडा. मी उघडलं तर परत म्हणाल, बाईचा हात लागला."

लोक हसले. मास्तराचे कान लाल झाले. काय गोड वाटलं तिला ते! चार महिन्यांचा खेद एका दमात उतरला. ती मोठ्यानं सगळ्यांना सांगू लागली, "इथे दहा मिलिमीटरचा स्क्रू लागतो. यांनी लावलाय लांब. कोणालाही न विचारता, न मोजता. आता स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लांब स्क्रू लावायचा स्वतः, काच फोडायची स्वतः, आणि बोट दाखवायचं बाईकडे!"

मास्तरानं झाकण काढलं.

आत चार स्क्रू होते. चारही डोकी जांभळी होती.

जावईबापूनं डॉक्टरिणीच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि लांब शीळ घातली. काय झालं ते बाकीच्यांना कळेना. झाकण परत लावावं, मॉनिटर उचलून आत न्यावा, काहीही सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. नाही कसं येणार? पण तेवढ्यात मास्तराची बायको पुढे झाली.

"अहो, स्क्रू आम्ही कुठे आणले? मी इथूनच नेले. खोक्यात पुडी नव्हती म्हणून आले होते. तुम्हीच दिलेत की ताई. मी विचारलंसुद्धा, मोजून बघायचं का? तुम्ही म्हणालात, चिमटीत धरला की मला कळतं." ती सरळ मनानं बोलत होती, आणि तिची नजर टेबलावर टेकलेल्या दहा जांभळ्या नखांवर गेली. "हाच रंग."

फोन सगळे वरच होते.

डॉक्टरिणीनं मास्तराच्या हातातून पेचकस घेतला. एक स्क्रू काढला, पट्टीवर ठेवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिनं स्क्रू मोजला. सोळा मिलिमीटर. उरलेले तीनही काढले, तेही मोजले, रांगेत ठेवले. मग तपासणीचा कागद ओढला आणि "बिघाडाचं कारण" या ओळीवर लिहिलं, "स्क्रू चुकीचा. मी न मोजता दिला." खाली सही केली आणि साहेबांकडे बघितलं नाही.

"म्हणजे मी लिहिलं ते खोटं नव्हतंच," मास्तर म्हणाला. त्याचे कान आता पांढरे झाले होते, आवाज मात्र चढला होता. "बाईचाच हात लागला."

"माझा लागला," ती म्हणाली. "बाईचा नाही, माझा. तुमच्यात हिंमत असेल तर तेवढं दुरुस्त करून लिहा. आणि मॉनिटर नवा घेऊन जा, या वेळी पुडी तपासून."

तिनं डबा उचलला आणि सगळ्यांच्या देखत भंगाराच्या पेटीत उपडा केला. खूप वेळ खणखण वाजत राहिलं, इतके होते ते.

घरी दारातच सासूबाई उभ्या होत्या. "काय गं? जिरवली का?"

"जिरली आई," ती चपला काढत म्हणाली. "रंग काढायचं औषध कुठं ठेवलंय?"