न मोजता आणलेली मुलं

बूट चिखलात रुतला तर बूट सोडा, पाय काढा.

लाल स्वेटरला फ्लेमिंगो बिचकतात, असं मागच्या वर्षी एका पालकानं अर्जात लिहिलं होतं. पुरावा जोडलेला नाही.

डावा गुडघा. वय पंचावन्न.

पश्चिमेचा वारा सुटला की समुद्र चालत येतो. लाट नाही, आवाज नाही. वाळू आधी काळी पडते, मग चमकते, मग ती वाळू नसते.

केटलीचं झाकण कुणी नेलं?

माणसं मोजू नयेत.

यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं माझ्या हस्ताक्षरात आहे, एकाच पाठकोऱ्या कागदावर. किनाऱ्यावरच्या या अभयारण्यात कुणीही यायचं म्हटलं की सुरक्षित भेटीचा आराखडा मी करते. शाळा, जर्मन पक्षीवेडे, लग्नाचे फोटो काढायला आलेली जोडपी, सगळ्यांचा. सव्वीस वर्षं झाली. आराखड्याला पानं कितीही असोत, अर्थ एकच: जितके वाळूवर गेले तितके परत आले पाहिजेत. बाकी कागद रंगवणं.

शेवटचं वाक्य बीबीझादा अजेचं. ती चौथीतल्या एका मुलीची आजी, म्हणून सगळ्यांचीच अजे. पालकांच्या वतीनं चौथीच्या सहलीबरोबर येणार म्हणून बैठकीला आली होती.

आराखडा, दुसरा खर्डा, कलम ५: *दर अर्ध्या तासाला मुलांची मोजणी करावी.*

"कुणाची मोजणी?" अजेनं विचारलं.

"मुलांची, अजे."

"बोट दाखवून? एक, दोन, तीन?"

"मनातल्या मनात मोजू."

"मनात मोजलं तर नजर लागत नाही होय? कमशात, तू शिकलेली आहेस, पण तुझी आई शहाणी होती. मोजलेलं माणूस कमी होतं."

वर्गशिक्षक एर्केबुलान खाली मान घालून पेनाचं टोपण चावत होता. पोरगा तिशीचाही नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. मला तो आपाय म्हणतो, म्हणजे ताई.

"माझ्याकडे बघू नका आपाय," तो म्हणाला. "अजेनं मला लंगोटात पाहिलंय."

"अजूनही फार फरक पडलेला नाही," अजे म्हणाली.

मी थकले होते. ऐन तरुणपणीही मी या विषयावर कुणाशी जिंकलेली नाही. शेवटी अजेनंच तोड काढली. ती बाउरसाक, कणकेचे गोळे, तळून आणेल. घरी प्रत्येक मुलाचं नाव घेऊन एकेक गोळा टोपलीत टाकेल. वाळूवरून परत फिरताना प्रत्येकानं येऊन आपला एक उचलायचा. टोपली रिकामी म्हणजे सगळे आहेत. मोजायचं नाही.

तिसरा खर्डा, कलम ५: *परतीपूर्वी अल्पोपाहार.*

वरच्या कार्यालयानं शिक्का मारला. कुणी वाचत नाही.

सप्टेंबरची एकोणतीस तारीख

अंदाज: पूर्वेचा वारा, संध्याकाळपर्यंत.

बस बांधावर थांबली. तिथून मचाणापर्यंत दीड किलोमीटर कडक वाळू. फ्लेमिंगो होते. मुलांनी दहा मिनिटं पाहिले आणि मग एकमेकांच्या पाठीत शेवाळ टाकायला सुरुवात केली. मी मचाणाच्या पायरीवर बसून गुडघा चोळत होते.

बारा चाळीसला मानेवरचा वारा गालावर आला, पश्चिमेचा.

"एर्केबुलान."

"हो आपाय?"

"निघायचं. आत्ता. पळवू नकोस, घाबरतील. गाणं म्हणायला लाव."

अजेनं टोपली काढली. मुलं रांगेनं आली, हात घातला, तोंडं भरली आणि गात गात, चावत, बांधाकडे निघाली. एर्केबुलान पुढे. अजेनं दोन पोरींचे हात धरले, टोपलीवर फडकं टाकून ती माझ्या हातात कोंबली. "तू सावकाश ये, लंगडे," म्हणाली आणि गेली.

सगळ्यांच्या मागे मी. नियमच आहे, आणि माझा वेगही तेवढाच. पोरं बांधापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा मी निम्म्या वाटेवर होते. भूक नव्हती. सहज फडकं उचललं.

एक होता.

मी वॉकीटॉकी काढला. "एर्केबुलान, सगळे चढले?"

"चढताहेत."

"मोज."

मग हळू आवाजात, "अजे इथेच दारात उभी आहे आपाय. कसं मोजू?"

"टोपलीत एक उरलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे एक पोरगं उरलंय."

"नाही हो... थांबा. एका सीटवर तिघं तिघं बसलेत, दोघं खाली घुसलेत... ए, वर या! आपाय, हलताहेत सगळे, काही कळत नाही."

"हजेरीचा कागद?"

"मचाणावरच राहिला."

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी वळले.

मचाणाकडची वाळू काळी पडली होती. आमच्याच पावलांचे ठसे, शेकडो, लहान लहान, सगळे बांधाकडे तोंड केलेले. उलट गेलेला एखादा दिसतो का ते बघत मी चालत होते. हाक मारायची तर कुणाच्या नावानं? "ए पोरा!" असं ओरडले. "ए पोरी!" असंही ओरडले. सव्वीस वर्षांत इतकं मूर्खासारखं कधी ओरडले नव्हते. फ्लेमिंगो उडाले.

पाणी घोट्याला लागलं. मचाणाखाली कुणी नाही. मचाणावर कुणी नाही. हजेरीचा कागद खांबाच्या मागे अडकून फडफडत होता. वाचायला चष्मा हवा होता आणि चष्मा बसमध्ये होता. कागद घेतला. पाणी पिंढरीपर्यंत आलं. डावा बूट गेला. सोडला.

मग वॉकीटॉकीतून अजेचा आवाज. बटण कसं धरायचं ते एर्केबुलान तिला शिकवत होता, तेही ऐकू आलं.

"कमशात. परत फीर."

"एक उरलाय अजे!"

"तो साइलाउचा आहे. परत फीर, बाई."

मी पाण्यात उभी राहिले. एका हातात टोपली. साइलाउ अजेचा गेलेला मुलगा. मला काही क्षण रागही येईना. तेल तापवलं की गेलेल्यांच्या नावाचा एक काढायचा, हे आमच्याकडे कुणाला कुणी शिकवत नाही. मीही काढते, आईच्या नावाचा. पण मी तो बशीत ठेवते, खिडकीत.

बांधाच्या चढावर एर्केबुलाननं मला हात देऊन ओढून घेतलं. कागद हिसकावून घेऊन बसच्या दारात त्यानं नावं वाचली, मोठ्यानं, भराभर. "हजर" आलं. दुसऱ्यांदा वाचली. पुन्हा आलं. नावं वाचायला अजेची हरकत नव्हती. बैठकीत हे कुणाला सुचलं नव्हतं.

अजे पहिल्या सीटवर बसली होती. मी तिच्या शेजारी ओला पाय पसरून बसले.

"सांगायचं ना, अजे."

"काय सांगायचं? सगळ्या मुलांची नावं घेतली, त्याचंही आलं तोंडात. मग ठेवला."

"मी बुडाले असते."

"हो," अजे म्हणाली. "तू विचारलं नाहीस. तू मोजत होतीस."

भांडावं इतकं त्राण नव्हतं. तिनं आपल्या शालीनं माझा पाय पुसला, जोरजोरात, भांडं घासतात तसा. मागे मुलं तेच गाणं दहाव्यांदा म्हणत होती. तिच्या मांडीवर टोपली होती. तिनं फडकं काढलं नाही, मीही काढलं नाही.

चौथा खर्डा, कलम ५: *परतीपूर्वी नावं वाचावीत. कागद शिक्षकाच्या खिशात असावा.* त्याखाली आणखी एक ओळ लिहिली होती, *टोपलीत फक्त* एवढी. पुढं सरकारी भाषेत काय लिहायचं ते सुचलं नाही. खोडली.

साइलाउ गेला त्या मार्चमध्ये गोठलेल्या समुद्रावर मासे धरायला सहा जण गेले होते. बर्फ तुटून वाहू लागल्यावर हेलिकॉप्टरनं पाच जणांना आणलं, आणि उतरल्यावर भरलेल्या कागदावर सहा असा आकडा होता; सहाव्याला शोधायला कुणी परत गेलं नाही.