ओवाळणी पडेपर्यंत

मी एक जुने पितळी तबक आहे. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. आज माझ्या अंगावर हिरवट डाग चढले आहेत, एका कडेला पोचाही आहे; पण एके काळी आमच्या मंडळाच्या नाटकाचे पान माझ्यावाचून हलत नसे.

माझा जन्म मुरादाबादचा. ठोकून ठोकून मला गोल केले, काठावर वेल कोरली आणि दिल्लीला करोल बागेतल्या एका दुकानात आणून ठेवले. तिथून लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवातल्या नाटकासाठी मला घरी नेले. नाटक दरवर्षी नवे असायचे. माझे काम मात्र तेच. नायक लढाईला निघाला, परीक्षेला निघाला, नाहीतर परदेशी निघाला, की आतून एक बाई मला घेऊन यायची, त्याला ओवाळायची आणि आत जायची. तो जिंकून आला की पुन्हा यायची. मेला तर मला हातातून टाकून रडायची. माझा पोचा तिथलाच.

इंदुमतीकाकूंनी वर्षानुवर्षे मला सांभाळले. काकूंच्या हातात तबक कसे स्थिर असते, असे सगळे म्हणत. काकूंचा आवाज कसा आहे, ते मात्र प्रेक्षकांना कधी कळले नाही.

मग घरोघरी केबल आली. मला वाटले, आता काहीतरी वेगळे दिसेल. तालमीच्या घरी टीव्ही चालू असायचा. बघते तर मालिकांतल्या आणि सिनेमांतल्या बायकाही माझ्याच बहिणी हातात धरून दारात उभ्या. दागिने तेवढे वाढले होते.

काकूंचे गुडघे थकले, त्या वर्षी मी मीनाक्षीकडे आले. नोएडाच्या नव्या फ्लॅटमधून दोन बस बदलून ती तालमीला यायची. सोबत तिची नऊ वर्षांची लेक रेवती असे. नाटक पानिपतचे होते. लिहिणारे आणि बसवणारे संपतराव, सरकारी कचेरीतले बडे अधिकारी. छावणीत बहीण भावाला ओवाळते आणि भाऊ रणात जातो, एवढाच मीनाक्षीचा प्रवेश.

"भावजी, मला दोन वाक्यं द्या ना," ती म्हणाली. "बायका-मुलंही होती त्या छावणीत. त्यांच्या मनात काहीतरी आलंच असेल."

"वहिनी, तुम्ही बोलायला लागलात तर पानिपत व्हायचं कधी?"

सगळे हसले.

"दोनच मागतेय."

"बायकांच्या दोनाची वीस होतात. अहो, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी लोक रडतात. आणि पुढच्या वर्षी तबक आपल्या रेवतीला. बघा, पोरगी कशी गप्प उभी राहते. अगदी नाटकातली."

रेवती लाजली. मग हनुवटी छातीला टेकवून आणखीच गप्प उभी राहिली. शाळेत बक्षीस मिळाले तेव्हाही ती इतकी खूश झाली नसेल. मीनाक्षीची बोटे माझ्या काठावर अशी आवळली, की कोरलेली वेल तिच्या तळव्यावर उमटली असावी.

प्रयोगाच्या दिवशी मंडप भरला. कॅन्टोन्मेंटमधली फौजी कुटुंबे बस करून आली. रेवती पहिल्या रांगेत बसली. माझ्यात खरे निरांजन लावले होते, आणि मीनाक्षीचा अंगठा घामाने घसरत होता.

भावाचे काम इंद्रजितकडे होते. गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला असलेला, देखणा, सगळ्यांचा लाडका. तिने त्याला कुंकू लावले, ओवाळले. तालमीत इथे ती बाजूला व्हायची. आज झाली नाही.

इंद्रजित डावीकडे सरकला. मी डावीकडे. तो उजवीकडे वळला. मी उजवीकडे.

"वहिनी, यार, जाऊ द्या ना," तो ओठ न हलवता पुटपुटला.

"आत या, आत या," विंगेतून संपतराव दातओठ खात म्हणाले.

मित्रांनो, एवढ्या वर्षांत एक चूक कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. दर नाटकात नायक ओवाळून घेई आणि हात हलवत निघून जाई. ओवाळणी कुणी घातलीच नव्हती. घरी असे चालते का? तबकात काही पडल्याशिवाय भाऊ पाटावरून उठतो का?

पहिल्या रांगेत एका जवानाची बायको होती, गिरिजा, साताऱ्याकडची. तिला बरोबर कळले.

"ओवाळणी घाला की, भाऊसाहेब," ती मोठ्याने म्हणाली. "तसंच जाणार व्हय?"

मंडप हसला. अंगरख्याला खिसा नव्हता. इंद्रजितने घाईघाईने गळ्यातला भाड्याचा कंठा काढला. मीनाक्षीने मला मागे घेतले.

"कंठा नको, भाऊ." तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ओवाळणीत एक उत्तर दे. तू परत आलाच नाहीस, तर ही मुलं घेऊन मी कुठल्या वाटेनं घरी जाऊ?"

हसू विरले. विंगेत संपतरावांचा हात पडद्याच्या दोरीवर गेला. ते मला दिसले, मीनाक्षीलाही दिसले. निरांजनातले तूप संपत आले होते, वात चरचरत होती. दोरी ओढली असती, तर पुढच्या वर्षी मी रेवतीच्या हातात असते, आणि रेवती गप्प.

पाठ केलेले एकही वाक्य इंद्रजितच्या कामी येईना. त्याने कंठा खाली ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. आम्ही तो विचारच केला नाही."

गिरिजाने पदर तोंडाला लावला. तिच्या रांगेतल्या बायका जागच्या हलल्या नाहीत. संपतरावांची बोटे दोरीवर तशीच थांबली.

"मग बाजूला हो," मीनाक्षी म्हणाली. "वाट मला बघू दे."

मला इंद्रजितच्या हातात देऊन, ज्या बाजूने पुरुष रणात जायचे त्याच बाजूने ती निघून गेली. पहिल्यांदाच मी पुरुषाच्या हातात होते. बिचाऱ्याला मला धरायचे कसे तेही कळेना. निरांजन कलंडता कलंडता वाचले.

प्रयोग संपल्यावर संपतराव तावातावाने आत आले. पण रेवती त्यांच्याआधी पोचली होती.

"आई, मग तिला वाट सापडली?"

संपतरावांनी खुर्ची ओढली. "सांगा वहिनी," ते म्हणाले. "मलाही माहीत नाही."

मीनाक्षीने लेकीकडे पाहिले. "तू असतीस तर काय केलं असतंस?"

रेवती बोटांवर मोजू लागली. "आधी मुलांना पाणी पाजलं असतं. मग नदीच्या काठाकाठानं. आणि रात्री ना..."

ती बोलत राहिली. संपतराव मध्ये बोलले नाहीत.

मित्रांनो, पुढे ती मंडळी नव्या वसाहतींत पांगली आणि मी ट्रंकेत पडले. तुम्हाला कधी सापडले, तर चिंच लावून घासा. पुन्हा नाटकातही घ्या, मला आवडेल. फक्त जिच्या हाती मला द्याल, तिला आधी विचारा, तुला काय म्हणायचे आहे? आणि तिचे बोलून होईपर्यंत पडद्याच्या दोरीला हात लावू नका.